संवेग आणि गतिज ऊर्जा: ब्रेक नेमकं काय थांबवतो?

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात पहिला धडा गतीच्या नियमांचा, दुसरा कार्य आणि ऊर्जेचा. पहिल्यात संवेग भेटतो: वस्तुमान गुणिले वेग. दुसऱ्यात गतिज ऊर्जा: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. दोन्हीत वस्तुमान आहे, दोन्हीत वेग आहे आणि दोन्ही वाढले की गाडी थांबवणं जड जातं. मग ही एकाच गोष्टीची दोन नावं वाटली तर नवल नाही. आकडे घातले की मात्र हा समज टिकत नाही.

सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. संवेग झाला ४००, ऊर्जा १,००० ज्यूल. आता १६ टनांचा भरलेला ट्रक घ्या. त्याचा संवेगही ४००च हवा असेल, तर तो सेकंदाला फक्त अडीच सेंटिमीटर सरकायला हवा. एवढ्या वेगात तो चालतोय हे लांबून कळणारही नाही. त्याची ऊर्जा किती? अवघी ५ ज्यूल.

दोघांनाही १०० न्यूटनचं बल लावून थांबवू. साधारण दहा किलोचं पोतं उचलायला लागतो तेवढा हा जोर. (खऱ्या ट्रकच्या चाकांचा विरोधच याच्या कितीतरी पट असतो, तो इथे धरलेला नाही.) दोघंही बरोबर ४ सेकंदांत थांबतात. पण तेवढ्यात सायकल १० मीटर पुढे जाते आणि ट्रक ५ सेंटिमीटर. खरा भेद इथे आहे. बल किती वेळ लावावं लागेल ते संवेग ठरवतो; किती अंतरभर लावावं लागेल ते ऊर्जा ठरवते.

उलट करून बघा. ट्रकलाही १,००० ज्यूल द्या, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटर. तेच बल लावलं तर तोही १० मीटरमध्येच थांबेल, पण त्याला जवळजवळ मिनिट लागेल.

रस्त्यावर आपल्याला भोवतं ते अंतर. समजा, ब्रेक दर सेकंदाला गाडीचा वेग सेकंदाला ५ मीटरने कमी करतात. ताशी ३६ किलोमीटरवरून गाडी २ सेकंदांत, १० मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ वरून थांबायला ४ सेकंद लागतात आणि अंतर होतं ४० मीटर. वेळ दुप्पट, अंतर चौपट. ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडी गेली ते अंतर वेगळंच.

हा घोळ फक्त विद्यार्थ्यांचा नाही. गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग, असं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं म्हणणं; जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १६८६ मध्ये ते खोडून काढत वेगाचा वर्ग पुढे केला, आणि युरोपातले विद्वान पुढची कित्येक दशकं भांडत राहिले. हॉलंडच्या ग्राव्हेसांडेने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले: दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल रुतला. फ्रान्सच्या विदुषी एमिली द्यु शातलेने हे प्रयोग उचलून धरले. माझ्या मते भांडणात दोन्ही बाजू बरोबर होत्या. एक बाजू वेळ मोजत होती, दुसरी अंतर.

आणखी एक फरक दिशेचा. १,००० किलोच्या दोन कार ताशी ७२ ने समोरासमोर येत असतील तर त्यांचा एकूण संवेग शून्य, कारण दिशा विरुद्ध आहेत. ऊर्जेला दिशा नसते, त्यामुळे ती मात्र बेरजेने ४ लाख ज्यूल. पत्रा चेपायला तीच पुरते.

दोघांची सगळ्यात स्पष्ट फारकत दिसते घाटात. बोरघाटातून ट्रक ठरावीक वेगाने सरळ उतारावर उतरत असेल, तर त्याचा संवेग बदलतच नाही. तरी ब्रेक तापतात, लायनरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांचा) करपट वास येतो. सुमारे ५०० मीटर उंची उतरताना १६ टनांच्या ट्रकची स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे असलेली ऊर्जा, ७.८ कोटी ज्यूलने घटते, आणि वेग वाढू द्यायचा नाही म्हटल्यावर ती सगळी कुठेतरी जिरवावी लागते. सपाटीवर ताशी ६० च्या वेगातून हाच ट्रक थांबवायला जेमतेम २२ लाख ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे एकदा घाट उतरणं हे ब्रेकच्या दृष्टीने असं पस्तीस वेळा थांबण्यासारखं, तेही ड्रम थंड व्हायला उसंत न देता. ड्रम फार तापले की लायनरची पकड सुटते. ‘ब्रेक फेल’च्या बातमीमागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून जाणते ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढतात त्याच गिअरमध्ये उतरतात. बरीचशी ऊर्जा मग इंजिनाच्या आतल्या घर्षणात आणि हवा दाबण्यात खपते, ब्रेकच्या वाट्याला थोडी येते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचा हिशेब तर दोन्हीकडून चुकतो: सगळा भार ब्रेकवर येतो आणि डिझेलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजची इंजिनं इंधन जवळपास बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.