तासुमालचं सिमेंट

सान साल्वादोरहून सांता आनाकडे निघालं की रस्त्याच्या कडेला ऊस, मका आणि मागे ज्वालामुखी. एल साल्वादोरच्या या पट्ट्यात सान आंद्रेस, होया दे सेरेन आणि पुढे चाल्चुआपा गावातलं तासुमाल ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात पाहून होतात. तिन्ही मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या जागा; त्या संस्कृतीची सविस्तर ओळख इथे करून देत नाही. ही ठिकाणं आज जशी दिसतात, ते रूप त्यांना बरंचसं गेल्या ऐंशी वर्षांत आलं आहे.

चाल्चुआपातली वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे 1200 पासूनची. तासुमालचं खोदकाम मात्र 1940 च्या दशकातलं, एका अमेरिकी पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखालचं. 1947 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. 20 मीटरांहून उंच असलेला मुख्य पिरॅमिड आणि त्याच्या शेजारची छोटी वास्तू, दोन्ही त्याच काळात सिमेंटने लिंपून काढल्या गेल्या.

हे करणारे अडाणी नव्हते. आतला गाभा दगड-मातीचा आणि पावसाळा सहा महिन्यांचा, त्यामुळे उघडं पडलेलं बांधकाम वाहून जाण्याची भीती खरी होती. शिवाय सिमेंट त्या काळी आधुनिक, पक्कं मानलं जाई. अडचण अशी, की सिमेंट भेगाळतं, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. 2004 मध्ये छोट्या वास्तूचा एक भाग कोसळला. त्यानंतर तिच्यावरचा लेप काढून मूळ दगड मोकळे केले गेले. मोठ्या पिरॅमिडवरचं सिमेंट अजून आहे. काढताना मूळ पृष्ठभाग सोबत निघाला तर काय, हा एक प्रश्न. दुसरा असा, की देशातल्या दोन-तीन पिढ्यांनी तासुमाल म्हणून ओळखला तो हाच राखाडी, गुळगुळीत आकार. म्हणजे लेपही आता इतिहासच झाला. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. कारण पायऱ्यांच्या कडा आणि कोपरे जिथे इतके रेखीव दिसतात, तिथे आपण माया गवंड्याचं काम पाहतो की विसाव्या शतकातल्या, हे कळत नाही. अशा कामाला जीर्णोद्धार म्हणता येईल. जतन म्हणायला जीभ वळत नाही.

सान आंद्रेसला पिरॅमिडांपेक्षा वसाहतकाळातला निळीचा कारखाना बघा. 1658 च्या एल प्लायोन ज्वालामुखीच्या उद्रेकात तो गाडला गेला. निळीला तिथे ‘आन्यिल’ म्हणतात. हा शब्द अरबी-फारसीतून स्पॅनिशमध्ये गेला आणि त्याचं मूळ आपल्या ‘नीळ’ शब्दाचंच.

होया दे सेरेन हे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं माया गाव. तिथे वेगळीच गोष्ट घडली. 1976 मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरखाली एक घर निघालं. ते इतकं शाबूत होतं, की पाहायला आलेल्या तज्ज्ञाने ते अलीकडचं ठरवलं आणि काम चालू राहिलं. दोन वर्षांनी छपराच्या गवताचं वय तपासलं, तेव्हा ते चौदाशे वर्षांच्या आसपासचं निघालं. मग यादवी युद्ध आलं, उत्खनन खोळंबलं. 1993 मध्ये हे गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. इथे मातीच्या भिंतींवर सिमेंट नाही, वर छप्पर घातलं आहे. ओळखल्या गेलेल्या 18 इमारतींपैकी 10 पूर्ण किंवा अंशतः उकरल्या आहेत. बाकीच्या राखेतच आहेत.