द्यूपुइत्रां आकुंचन

तळहाताच्या त्वचेखालील तंतुमय पडदा (प्रावरणी) जाड व आखूड होत जाऊन बोटे तळव्याकडे ओढली जाण्याची विकृती. बहुधा अनामिका व करंगळी वाकतात. वेदना सहसा नसते. म्हणून रुग्ण उशिरा येतो, तोही हात खिशात जाईना किंवा तोंड धुताना बोट डोळ्यात जाऊ लागले म्हणजे.

पॅरिसच्या ओतेल-द्य रुग्णालयातील शल्यविशारद गीयोम द्यूपुइत्रां (१७७७–१८३५) यांनी १८३१ मध्ये एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया करून या विषयावर व्याख्यान दिले. शोधाचा मान मात्र वादग्रस्त आहे. बाझेलच्या फेलिक्स प्लाटर यांनी १६१४ मध्येच असा हात वर्णिला होता, पण दोष कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरखंडांना) दिला. लंडनच्या हेन्री क्लाइन यांनी १७७७ च्या सुमारास (योगायोगाने द्यूपुइत्रां यांचे जन्मवर्ष) शवविच्छेदनात प्रावरणीचा दोष ओळखला असावा. त्यांचे शिष्य ॲस्टली कूपर यांचा उल्लेख १८२२ चा. अग्रक्रम क्लाइन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. द्यूपुइत्रां यांचे नाव रूढ झाले ते व्याख्यानाच्या प्रसिद्धीमुळे.

उत्तर युरोपातील आधिक्यामुळे व्हायकिंगांनी हा रोग पसरवला, असे मत पुष्कळदा मांडले जाते. आनुवंशिकता निर्विवाद आहे. व्हायकिंगांची कथा तितकी पक्की नाही. २०२३ च्या एका अभ्यासात जोखमीशी निगडित ६१ जनुकीय भेदांपैकी ३ निअँडरथाल (एक लुप्त मानवजात) वारशातले आढळले. मधुमेह, मद्यपान व धूम्रपान यांच्याशीही संबंध दिसतो.

निदान नजरेने व स्पर्शाने होते : तळव्यात गाठ, त्वचेला खळगा, पुढे बोटापर्यंत ताठ दोर. तळहात टेबलावर सपाट टेकत नसेल, तर ह्यूस्टन यांची चाचणी सकारात्मक धरतात. अडकून खटकन सुटणारे बोट वेगळे. त्यात कंडरा आवरणात अडकते. कुष्ठरोगातील पंजा (बोटे नखरासारखी वाकणे) चेता (मज्जातंतू) बाधित झाल्याने होतो. तेथे बधिरता असते व सुरुवातीस दुसऱ्या हाताने बोट सरळ करता येते. दीर्घकालीन मधुमेहात सांधेच आखडतात आणि नमस्कार करताना तळहात जुळत नाहीत.

मालिशीने दोर सुटत नाही. बोटाच्या मुळाचा सांधा सुमारे ३०° वाकला किंवा मधला सांधा वाकू लागला, की हस्तक्षेपाचा विचार करतात. सुईने दोर तोडणे सोपे, पण पुनरुद्भव अधिक. रोगट प्रावरणी कापून काढल्यास तो कमी, मात्र बरे होण्यास वेळ लागतो. कोलॅजिनेज (दोरातील तंतू विरघळवणारे विकर) इंजेक्शनास अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. मधला सांधा फार काळ वाकलेला राहिल्यास दोर काढूनही तो पूर्ण सरळ होईलच असे नाही.