रोल धुताना पाण्यात काय घडतं

मराठीत आपण फोटो ‘धुवायला’ टाकतो. रोल संपला की तो कोपऱ्यावरच्या स्टुडिओत द्यायचा आणि धुऊन आला की पाकीट उघडून एकेक फोटो बघायचा. हा शब्द मला फार आवडतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. कपडा धुतला की मळ जातो, कपडा तोच राहतो. कृष्णधवल फिल्मचं तसं नाही. तिथे चित्र धुतानाच घडतं, आणि ते कसं घडेल हे कशात धुतलं, किती वेळ धुतलं आणि पाणी किती गरम होतं यावर ठरतं.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, थोडं आयोडाइड मिसळलेले, सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. शटर उघडलं की प्रकाश स्फटिकातला एखादा इलेक्ट्रॉन सुटा करतो. तो स्फटिकातल्या एखाद्या उणिवेच्या जागी अडकतो, चांदीचा आयन तिथे येऊन त्याला मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारेक अणू एकाच जागी जमले की पुरे. अब्जावधी अणूंच्या स्फटिकात चार अणू! सूक्ष्मदर्शकातूनही काही दिसणार नाही. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, मात्र हा ठिपका हेरतो, तिथून इलेक्ट्रॉन पुरवत राहतो आणि अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करून टाकतो. ही वाढ साधारण अब्जपट असते. प्रकाश न लागलेल्या स्फटिकांनाही तो सोडत नाही, फक्त तिथे त्याचा वेग फार कमी असतो. त्या दोन वेगांतल्या फरकातून चित्र उमटतं, म्हणूनच घड्याळ लावून धुवावं लागतं. उरलेले स्फटिक नंतर हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, विरघळतात.

आता डेव्हलपर म्हणजे नेमकं काय? कोडॅकचा डी-७६ घ्या. १९२०च्या दशकात तयार झालेलं हे मिश्रण आजही जगभर वापरलं जातं. इल्फर्डचा आयडी-११ म्हणजे जवळपास तेच. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. मेटॉल इलेक्ट्रॉन देऊन रिता होतो, हायड्रोक्विनोन त्याला पुन्हा भरून देतो. दोघं मिळून जे काम करतात ते दोघांच्या वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं. सल्फाइट डेव्हलपरला हवेत खराब होण्यापासून वाचवतं, पण १०० ग्रॅम म्हणजे खूप झालं. एवढं सल्फाइट स्फटिकांच्या कडाही हलकेच विरघळवतं, त्यामुळे ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणा, मऊ, बारीक दिसतो.

रॉडिनाल याच्या अगदी उलट स्वभावाचा. १८९१ पासून बाजारात असलेला हा डेव्हलपर एका भागाला ५० भाग पाणी घालून वापरतात. इतक्या पातळ द्रावणात सल्फाइट नावापुरतं उरतं, कडा विरघळत नाहीत आणि ग्रेन रव्यासारखा टोकदार राहतो. शिवाय, जिथे भरपूर प्रकाश पडलाय तिथे डेव्हलपर लवकर खर्ची पडतो आणि शेजारच्या अंधाऱ्या भागात ताजाच राहतो. उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती रेघ त्यामुळे जास्त ठसठशीत होते.

मुंबईत मात्र या सगळ्याच्या आधी पाणी मोजावं लागतं. फिल्मसोबत येणारे धुण्याच्या वेळेचे तक्ते २० अंश सेल्सिअसचे असतात. आयडी-११ पाणी न घालता वापरला तर एचपी५ प्लस फिल्मला तक्त्यात साडेसात मिनिटं दिलेली आहेत. ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे नळाचं पाणी २८ अंशांवर होतं. दर अंशाला वेळ साधारण नऊ-दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे साडेसातची चार मिनिटंही उरत नाहीत. पाच मिनिटांच्या आत धुतलेली फिल्म अनेकदा पट्ट्यापट्ट्यांची निघते, कारण टँक, म्हणजे फिल्म धुण्याचा बंद डबा, भरेपर्यंतच खालचा भाग पुढे गेलेला असतो. बर्फ हा एक उपाय आहे, पण जिलेटिनला गार-गरमचा झटका बसला तर त्यावर बारीक सुरकुत्या पडतात. मला दुसरा उपाय पटतो: डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी घालायचं. २० अंशांना १३ मिनिटं लागतात ती २८ अंशांना सहाच्या आसपास येतात आणि हाताला सवड मिळते. तरी हिशेब पुरता जुळत नाही. हायड्रोक्विनोनवर तापमानाचा परिणाम मेटॉलपेक्षा जास्त होतो, म्हणजे गरम पाण्यात त्या जोडीचा तोलच बदलतो. परदेशातला तक्ता इथे सुरुवात म्हणून घ्यावा, पुढचा आपला आपण बनवावा.

म्हणून मी एकच रोल तीन डेव्हलपरमध्ये धुऊन पाहिला. गिरगावातल्या एका चाळीचा जिना: बाहेर गॅलरीत कडक उन्हात वाळणारं पांढरं धोतर, आत जवळजवळ काळोख. तेच दृश्य, तोच कॅमेरा तिकाटण्यावर, तेच एक्स्पोजर, ३६ वेळा. घरी चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, चाचपडत रोलचे तीन तुकडे केले. (घामाने ओलावलेल्या बोटांनी फिल्म प्लॅस्टिकच्या रीळावर चढत नाही, मध्येच अडते. हात पुसून, पंख्याखाली बसून हे काम करावं.)

तिसरा डेव्हलपर कॉफीचा होता. १९९५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत एका वर्गाने इन्स्टंट कॉफीत फिल्म धुऊन दाखवली, त्यातून ही कॅफिनॉलची वाट निघाली. नाव काहीही असो, इथे कॅफिन काही करत नाही. काम करतात ती कॉफीतली कॅफिक आम्लासारखी फिनॉलवर्गीय संयुगं. रोबस्टा कॉफीत ती जास्त, म्हणून स्वस्त कॉफी इथे महागड्या अरेबिकापेक्षा सरस. प्रचलित कृती अशी: लिटरला धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, कॉफी ४० ग्रॅम. पहिल्या खेपेला माझी फिल्म जवळजवळ कोरी निघाली. दोन दिवस मी कॉफीलाच दोष देत होतो. चूक सोड्यात होती. कृतीतला सोडा निर्जल असतो आणि मी आणले होते खडे. त्या खड्यांत सोडियम कार्बोनेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात, वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग नुसतं पाणी. ५४ ग्रॅमच्या जागी १४६ ग्रॅम घ्यायला हवे होते. पुन्हा तेच दृश्य टिपून, वजन सुधारून धुतलं तेव्हा जिना उमटला. वास मात्र असा सुटतो की खिडकी उघडी हवीच.

तिन्ही पट्ट्या खिडकीच्या काचेला लावून शेजारी शेजारी पाहिल्या. आयडी-११ मध्ये धोतराची वीण आणि जिन्याचा कठडा दोन्ही दिसत होते, सगळं शांत. रॉडिनालमध्ये कठड्याची खालची बाजू अंधारात बुडाली, पण धोतराच्या काठाची रेघ सुरीने कापल्यासारखी आली. कॉफीतल्या पट्टीवर तपकिरी झाक होती आणि कोऱ्या भागावरही हलकं धुकं, तरी पायऱ्या मोजता येत होत्या. प्रकाश तिन्हींवर सारखाच पडला होता. फक्त कुठलाच डेव्हलपर, जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथून काही काढू शकला नाही. रात्रीच्या लोकलमध्ये ४०० संवेदनशीलतेची फिल्म १६००ची धरून, म्हणजे कमी प्रकाश देऊन, काढायची आणि जास्त वेळ धुवायची, यात उजळ भाग उजळतात, सावल्या रिकाम्याच राहतात, त्याचं कारण हेच.

हे करताना मला दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके सारख्या आठवत होत्या. १८९९ मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं, तेव्हा ती फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली होती. पुढच्या पंधरा वर्षांच्या आत दादरच्या घरात सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, फिल्म धुत होत्या. याच हवेत, याच उकाड्यात. त्यांच्या कामाची नोंद आपण फार थोडी ठेवली याचं मला वाईट वाटतं. तेव्हाची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, तिला लाल रंग दिसत नसे. अशा फिल्मवर कपाळावरचं कुंकू काळंभोर येतं. आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणाऱ्या, फिल्मवर तेच करडं पडतं.

ऑर्थो फिल्म आजही मिळते. तिचा एक रोल मी आणून ठेवलाय. ती लाल दिव्यात हाताळता येते, म्हणजे टँकऐवजी थाळीत धुऊन चित्र उमटताना डोळ्यांनी बघता येईल. जानेवारीत नळाचं पाणी जरा गार झालं की त्याच जिन्यावर, कुंकू लावलेल्या माझ्या आईला उभं करून तो काढायचा आहे.