कमी दिवसांच्या बाळाची डोळेतपासणी : पार्श्वभूमी

१९४२ साली बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत, भिंगामागे पांढरट पापुद्रा धरल्याची नोंद केली. हाच आजार आज आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणून ओळखला जातो : डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा आजार. १९५१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते बाळाच्या काचेच्या पेटीत मोकळ्या हाताने सोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर. अमेरिकेतल्या चाचणीत ते खरं ठरलं आणि ऑक्सिजन आवळला गेला. अंधत्व घटलं, पण बाळं दगावू लागली. तेव्हापासून हा विषय तारेवरची कसरतच आहे. १९८८ मध्ये पडद्याची कड गोठवण्याच्या उपचाराने डोळे वाचतात हे दिसलं आणि तपासणीला खरा अर्थ आला. पुढे लेझर आलं.

पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मधून कडेकडे वाढू लागतात; कानाकडची कड गाठायला गर्भाचे दिवस पूर्ण भरावे लागतात. म्हणून जन्मल्याबरोबर पाहून उपयोग नसतो. आरओपी दिसू लागतो तो काही आठवड्यांनी. अमेरिकेत साधारण १५०० ग्रॅम किंवा ३० आठवड्यांपर्यंतची बाळं तपासतात. आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांनाही आजार होतो, म्हणून मर्यादा २००० ग्रॅम किंवा ३४ आठवड्यांखाली आहे. पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत. फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच.

आता बाळाच्या अंगावर काय येतं ते. बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिन घालतात. मोठ्यांची ०.८ आणि ५ टक्क्यांची बाटली तशीच वापरली तर रक्तदाब चढू शकतो, म्हणून ती निम्मी पातळ करतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक थेंब, दोन-तीनदा. गालावर ओघळलेला थेंब लगेच पुसायचा, कारण औषध त्वचेतूनही अंगात जातं. पापणीभोवती पांढरा फटक डाग उठतो तो फिनाइलेफ्रिनचा. सायक्लोपेंटोलेट या बाहुली मोठी करणाऱ्या दुसऱ्या औषधाने पोट मंदावतं, दूध पचत नाही. पापण्या ताणणारा चिमटा आणि बुबुळ फिरवताना पडणारा दाब यांनी नाडी मंदावू शकते, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, श्वास थांबू शकतो. म्हणून मॉनिटर लावलेला हवा, परिचारिका शेजारी हवी आणि आधीचा तासभर दूध नको. उलटी फुफ्फुसात गेली तर डोळ्यांपेक्षा ती महागात पडते.

वेदनेकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. नवजाताला दुखत नाही असा समज होता. १९८७ मध्ये आनंद आणि हिकी या डॉक्टरांच्या लेखाने त्याला जोरदार धक्का दिला. आज बधिरतेचा थेंब, दुपट्यात घट्ट गुंडाळणं आणि जिभेवर साखरपाण्याचे थेंब हा रिवाज आहे. याने वेदना कमी होते, संपत नाही. म्हणून हात जलद आणि सरावाचा असावा. चिमटा एका बाळावरून दुसऱ्याला निर्जंतुक न करता लावला तर डोळे येण्याची साथ एनआयसीयूभर (नवजात अतिदक्षता विभागभर) पसरते.

नंतर पापण्या सुजतात, पांढऱ्या भागावर लाल ठिपका राहतो, तो दोन आठवड्यांत जिरतो. बाहुली काही तास मोठी असते; तोवर प्रखर उजेड टाळावा. खरा घोळ होतो तो घरी सोडताना. डोळे वरून चांगले दिसतात, बाळ वजन धरतंय, आणि पुढची तारीख हुकते. पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी पाहावं लागतं, आणि उपचाराची वेळ आली तर हातात ४८ ते ७२ तासच असतात. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक हवी, आईला तोंडी सांगितलेलीही हवी.