स्टायफल सांध्याचे विकार (घोडा व खेचर)

घोड्याच्या मागच्या पायात, मांडी पोटाला लागते त्या जागी असलेला मोठा सांधा म्हणजे स्टायफल. माणसाच्या गुडघ्यासारखीच त्याची रचना असते: वर मांडीचे हाड, खाली नडगी, पुढे वाटी. वाटी तीन अस्थिबंधांनी नडगीला बांधलेली असते. त्यांपैकी आतला अस्थिबंध वाटीसह मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवला की पाय ताठ राहतो आणि घोडा स्नायूंना फारसा ताण न देता उभ्याउभ्या विसावतो.

काही जनावरांत चालायला निघाल्यावरही ही वाटी सुटत नाही. पाय मागे ताठ राहतो, टापेचे टोक जमिनीवर घासते. जनावराला हळूच मागे सरकवले की ती बरेचदा सुटते. पुरती न अडकता क्षणभर अडून झटक्याने सुटणे हा प्रकार जास्त आढळतो. तबेल्यातून निघतानाची पहिली पावले, लहान वळण आणि दुडकीवरून चालीवर येण्याचा क्षण नीट पाहावा. झटका तिथे दिसतो. खेचर दुखणे सहसा दाखवत नाही, म्हणून टापेचे पुढचे टोक झिजले आहे का तेही तपासावे.

कोवळे वय, सरळ ठेवणीचे मागचे पाय, वाढलेल्या टापा आणि मांडीचे अशक्त स्नायू ही नेहमीची कारणे. अशा जनावराला तबेल्यात बांधून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण स्नायू आणखी उतरतात. त्याला मोकळे फिरू द्यावे, सरळ रेषेत दुडकी, सौम्य चढउतार आणि जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालणे हळूहळू वाढवावे. लहान गोल फेऱ्या टाळाव्यात. नालबंदाकडून टापेचा पुढचा भाग आखूड करून घ्यावा.

मात्र सांधा सुजलेला असेल किंवा जनावर खरोखर लंगडत असेल, तर आधी पशुवैद्य, मग व्यायाम. कूर्चेचे तुकडे सुटणे, हाडातली पोकळी, सांध्यातल्या दोन हाडांमधली फाटलेली गादी, अस्थिबंधाची इजा यांत काम लादले तर सांधा कायमचा बिघडू शकतो. क्ष-किरण, सोनोग्राफी आणि सांध्यात भूल देऊन निदान होते. गरज पडल्यास दुर्बिणीने आत पाहतात.

व्यायामाने वाटीचा त्रास थांबला नाही तर आतल्या अस्थिबंधात बारीक छेद देऊन तो जाड होऊ देतात. तो पूर्ण कापण्याची जुनी शस्त्रक्रिया अडकणे लगेच थांबवते, पण पुढे वाटीच्या हाडाचे तुकडे पडण्याचा धोका असल्याने ती शेवटची वाट समजावी.