भोपाळ : 337 टन गेले, माती तिथेच

1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून 12 कंटेनर पोलीस बंदोबस्तात इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीकडे निघाले. त्यांत 337 टन विषारी कचरा होता. जूनअखेर तो जाळून झाला आणि भोपाळचा प्रश्न एकदाचा मिटला, असा समज पसरला. पण या 337 टनांतही 162 टन आवारातून गोळा केलेली मातीच होती. नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने 2010 मध्ये बाधित मातीचा अंदाज दिला होता, तो 11 लाख टनांचा.

याहून जुना गैरसमज म्हणजे इथली जमीन 1984 च्या वायुगळतीमुळे नासली. त्या रात्रीचे विष हवेतून गेले. जमिनीतले विष रोजच्या उत्पादनाचे आहे. कारखाना 1969 पासूनचा. कीटकनाशके बनवताना उरणारा गाळ आणि डांबरासारखा चिकट अवशेष आवारातल्याच खड्ड्यांत जाई. 1977 मध्ये उत्तरेला, कुंपणाबाहेर सांडपाण्याची तळी बांधली. खाली प्लास्टिकचे अस्तर, वर ऊन. पाणी उडून जाईल आणि विष तळाशी राहील, असा सरळ हिशेब. तळी गळत असल्याचे टेलेक्स संदेश 1982 मध्येच कंपनीच्या अमेरिकेतल्या कार्यालयाकडे गेले होते.

गळालेले पुढे कुठे जाते, हे पाहिले की सफाई का अडते ते कळते. पेट्रोल पाण्यावर तरंगते. डायक्लोरोबेन्झीन किंवा कार्बन टेट्राक्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त रसायने पाण्यापेक्षा जड. ती भूजलातून खाली उतरतात, खडकाच्या भेगांत जाऊन बसतात आणि तिथून वर्षानुवर्षे थोडी थोडी विरघळत राहतात. पंप लावून पाणी उपसा, शुद्ध करा. पंप थांबला की काही काळाने पाण्यातल्या विषाचे प्रमाण पुन्हा वाढू लागते. माती निदान खणून काढता येते.

ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने 1999 मध्ये आवारातल्या मातीत पारा आणि आसपासच्या पाण्यात क्लोरीनयुक्त रसायने दाखवून दिली. वस्त्यांतल्या हातपंपांना लाल रंग फासून ‘पाणी पिण्यायोग्य नाही’ असे लिहिले गेले. दुसरे पाणी नसलेली माणसे तेच भरत राहिली. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला. 2018 पर्यंत बाधित वस्त्यांची संख्या 42 वर गेली होती.

खर्च कोणी करायचा, हा घोळ वेगळाच. कंपनी आणि भारत सरकार यांच्यातली 1989 ची 47 कोटी डॉलरची तडजोड वायुगळतीपुरती होती. अमेरिकी युनियन कार्बाइडचा भारतीय कंपनीतला हिस्सा 1994 मध्ये विकला गेला, जमीन 1998 मध्ये राज्य सरकारकडे परत आली, 2001 मध्ये मूळ अमेरिकी कंपनी डाऊ या दुसऱ्या रसायन कंपनीने घेतली. माती-पाण्याचा दावा अमेरिकी न्यायालयांत टिकला नाही.

कचरा जाळायला जागा शोधतानाही अशीच टोलवाटोलवी झाली. गुजरातमधल्या अंकलेश्वरने नको म्हटले. नागपूरजवळच्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव 2011 मध्ये निघाले तेव्हा आपल्याकडेही केवढा गहजब झाला होता! जर्मनीला नेण्याचा बेत 2012 मध्ये बारगळला. शेवटी पीथमपूरच्या वाट्याला आले, आणि चुना वगैरे मिसळून राखेचे वजन 800 टनांच्या वर भरले.

कुंपणाबाहेरच्या तळ्यांतला गाळ 1996 मध्ये एकत्र पुरून वर माती पसरली होती. पावसाळ्यात तिथे पाणी साचते, त्यात म्हशी डुंबतात.