गोठ्यातली लस आणि दवाखान्यातली लस

२०२१ च्या एप्रिलमध्ये एका वस्तीवरची आजी मला तोंडावर म्हणाली, "मला नको टोचू लेकरा, मरायचं तर आसंच मरू दे." ४५ वर्षांच्या वरच्या सगळ्यांना कोरोनाची लस सुरू होऊन दोनेक आठवडे झाले होते आणि गावात रोज कुणीतरी सांगायचं की अमक्याने लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी गेला. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात इतकी वर्षं दवाखाना केला, त्यामुळे आपण समजावलं की लोक ऐकतात अशी थोडी घमेंड होती मला, ती आजीने उतरवली. मग पुढच्या वर्षी लम्पी आला, गायीगुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, आणि हीच आजी दोन गायी आणि एक गोऱ्हा घेऊन सकाळी सातला जनावरांच्या दवाखान्यासमोर रांगेत पहिली! मी गाडी थांबवून विचारलं, आजी, आता कसं काय? तर म्हणे, "आरं ती मुकी हायेत, त्यांचं कुणी बघायचं?"

खरं सांगायचं तर आमच्याकडच्या शेतकऱ्याला लस म्हणजे काय हे शिकवायची गरजच नसते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी द्यायची, जनावर घशात घरघरायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, हे त्याला बापाने शिकवलेलं असतं. कोंबड्यांना पाण्यातून राणीखेतची लस बायका स्वतः देतात. या रोगाला गावाकडे मानमोडी म्हणतात, आणि गंमत बघा, १९१८ ला जो इन्फ्लुएंझा आला आणि घरंच्या घरं रिकामी करून गेला त्यालाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटलं होतं. म्हणजे भाषेने माणसाची साथ आणि कोंबडीची साथ एकाच नावाखाली ठेवली, वेगळी केली ती आम्ही शिकलेल्यांनी.

लम्पीला २०२२ मध्ये जी लस दिली ती मुळात लम्पीची नव्हतीच, शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही व्हायरस सख्खे चुलत भाऊ, त्यामुळे शेळीवाला ओळखून ठेवला की शरीर गायवाल्यालाही पकडतं. नेमकी हीच युक्ती १७९६ मध्ये जेन्नर या डॉक्टरने केली होती, गायीच्या देवीचा पू टोचून माणसाच्या देवीपासून वाचवायचं. लॅटिनमध्ये गायीला वाक्का म्हणतात, व्हॅक्सिन हा शब्द तिथलाच. आणि हे आपल्यापासून काही लांब घडलं नाही, १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या पोरीला ती लस टोचली, भारतातली पहिली. पुण्यात बनलेल्या कोविशिल्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा व्हायरस असतो, त्याला माणसात वाढता येणार नाही असं केलेलं असतं, तो फक्त कोरोनाच्या काटेरी प्रोटीनचा नकाशा पेशीपर्यंत नेऊन देतो, पोस्टमन म्हणा हवं तर. पारावर हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "मग माकडाचं टोचलं म्हणा की!" मी म्हटलं हो, आणि तुझ्या आजोबांना गायीचं टोचलं होतं.

कोविशिल्डच्या दुसऱ्या डोसचा गोंधळ आठवतोय ना? आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, मग मे महिन्यात एकदम १२ ते १६. लोक म्हणाले लस संपली म्हणून गॅप वाढवला. मला विचाराल तर लोकांचं अर्धं बरोबर होतं, तुटवडा होताच, मी स्वतः रिकाम्या हाताने सेंटर बंद करून घरी गेलोय. पण गॅप जास्त ठेवला तर अँटिबॉडी चांगल्या तयार होतात हेही परदेशातल्या ट्रायल्समध्ये दिसलं होतं. पहिल्या डोसनंतर लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे काखेत सुजणाऱ्या त्या गाठींमध्ये, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची निवड चालते, जी पेशी व्हायरसला जास्त घट्ट धरते ती टिकते, बाकीच्या बाद. ही निवड आठवड्यांवर आठवडे चालते. बियाणं निवडताना तुम्ही घाई करता का? दोन्ही कारणं मोकळेपणाने सांगितली असती तर लोकांनी ऐकलं असतं, आम्ही एकच सांगितलं आणि तेही वरून आलेल्या पत्राच्या भाषेत.

२०२४ मध्ये कोविशिल्डमुळे होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांची बातमी आली तेव्हाही तेच. "डॉक्टर, तुम्हीच टोचली होती" म्हणत तीन-चार जण आले, चेहरे पडलेले. गुठळ्यांचा तो त्रास खरा आहे, फार दुर्मिळ आहे, आणि युरोपातल्या काही देशांनी २०२१ मध्येच तरुणांना ती लस देणं थांबवलं होतं हेही खरं. पण तो होतो लस घेतल्यावर साधारण ४ दिवस ते ६ आठवड्यांत, तीन वर्षांनी नाही. हे मी २०२१ लाच का सांगितलं नाही? भीती वाटत होती की लोक पळतील, आणि आता वाटतं की तेव्हा सांगितलं असतं तर २०२४ मध्ये माझ्या बोलण्याला वजन राहिलं असतं.

आता धोरणाचं. कोविशिल्डची व्हायल १० डोसची, एकदा उघडली की ४ तासांत संपवायची. वरच्या मीटिंगमध्ये टार्गेट ठरतं, पण ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला आलेलं असताना सकाळी अकराला दहा माणसं गावात आणायची कुठून? पोलिओचा डोस पाजायला पोर आणतील, स्वतःसाठी दिवसाची मजुरी कोण बुडवणार. शेवटी आशाताई म्हणाल्या, सर संध्याकाळी सातला बसू, मारुतीच्या पारावर. बसलो. पाठीला भुसा चिकटलेली माणसं ट्रॉलीतून उतरून सरळ बाही वर करून उभी राहिली, व्हायल भराभर संपत गेल्या. वेळ बदलली, बाकी काही नाही. आमच्याकडून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात ते पार उन्हाळ्यात परततात, बाळाला ९ महिने पुरे झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस नेमका फडात असताना येतो, आणि कार्ड इथे घरी पत्र्याच्या पेटीत. रजिस्टर गावाला बांधलेलं आहे, माणूस नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू, ते साल आलं आणि गेलं, आकडा अजून लांबच आहे.

पण पैशापेक्षा मला दुसरीच गोष्ट सलते. एक शेतकरी, चाळिशीचा, दूध घालतो, संध्याकाळी ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कंबर धरलेली. मी विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी केली, थोडी पॉझिटिव्ह दिसली, टायफॉइड म्हणून दोन आठवडे सलाइन आणि इंजेक्शनं, पैसे गेले, ताप गेला नाही. बायको निघता निघता सहज बोलली की औंदा आमचं काहीच धड नाही, दोन गायी गाभडल्या. मी खुर्चीतच बसून राहिलो. ब्रुसेला! जनावराचा गर्भ पाडणारा आणि माणसालाही लागणारा जंतू. गाभडलेल्या गायीचा वार, म्हणजे गर्भाचं आवरण, त्याने हातानेच ओढून काढला होता. टेस्टला नमुना पाठवला, पॉझिटिव्ह आली, ६ आठवडे डॉक्सी आणि रिफाम्पिसिन दिलं, माणूस बरा झाला. आणि जनावरांच्या डॉक्टरांना त्या गोठ्यात ब्रुसेला आहे हे दोन महिन्यांपासून माहीत होतं! त्यांचा दवाखाना माझ्यापासून रस्ता ओलांडला की समोर. त्यांनी सांगितलं नाही कारण मी विचारलं नाही, आणि दोघांच्याही छापील फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. २०१९ पासून सरकार ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस फुकट देतंय, आयुष्यात एकदाच द्यायची. ती जिवंत जंतूची लस आहे, टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो, हेही मला त्या दिवशी चहावर समजलं. वन हेल्थ, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं आरोग्य एकत्र बघायचं, हा शब्द मी तोपर्यंत सेमिनारमध्ये ऐकला होता, नागपूरला त्याची राष्ट्रीय संस्था होतेय हेही वाचलं होतं.

माणसाची देवी १९८० मध्ये जगातून गेली असं जाहीर झालं, जनावरांची बुळकांडी २०११ मध्ये. लसीने मुळासकट उपटलेले रोग एवढे दोनच. बुळकांडीच्या वेळी शेवटी शेवटी अशी लस निघाली की जी महिनाभर फ्रीजबाहेर टिकायची, म्हणून ती आफ्रिकेत गुराख्यांच्या पाठीवरून माळरानापर्यंत पोचली. आपल्याकडे अजून सगळा खेळ २ ते ८ डिग्रीचा. माझ्याकडे आयएलआर, म्हणजे लसींसाठीचा खास फ्रीज आहे, लाइट गेली तरी कित्येक तास थंड राहतो, दिवसातून दोनदा तापमान लिहायचं, रविवारीही. समोरच्या जनावरांच्या दवाखान्यात साधा घरगुती फ्रीज.

लम्पीच्या त्या धामधुमीत एका रात्री तो फ्रीज बंद पडला. डॉक्टर साडेदहाला माझ्या दारात, हातात लसीचा डबा, "सर, सकाळपर्यंत ठेवता का?" नियम साफ आहे, आयएलआरमध्ये माणसांच्या लसीकरण कार्यक्रमातल्या लसींशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, आणि नियम बरोबरच आहे, एका बाटलीची अदलाबदल झाली तर काय होईल विचार करा. मी नाही म्हणालो. मग डीप फ्रीझरमधले चार आइसपॅक काढले, थोडा घाम सुटू दिला त्यांना, माझा निळा कॅरियर त्यांच्यापुढे ठेवला आणि आम्ही दोघांनी पायरीवर बसून बाटल्या एकेक करून त्यात लावल्या. सकाळी सातला आजी रांगेत होती तेव्हा तिच्या गायीला गेलेली लस त्यातलीच.